डावा तळहात : तेवीस नोंदी

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी साडेनऊला सामानासकट पोचलो. घर मनासारखं निघालं, हे आधी लिहून ठेवते. तक्रारींना पुढे जागा लागेलच. दोन खोल्या, स्वयंपाकघर, भरपूर उजेड, नळाला दिवसभर पाणी. पुढचं दार उघडलं की वीस पावलांवर माती परीक्षण प्रयोगशाळा, मागचं उघडलं की मोकळं अंगण. शेतकी कॉलेजात शिकवून निवृत्त झाल्यावर तीन वर्षांनी पुन्हा कामावर जायचं आणि तेही बसमागे न धावता, याहून काय हवं?

बेबी, म्हणजे माझी धाकटी बहीण, वय सत्तावन्न, तरी बेबीच. गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाली, ताई, इथली हवा अगदी तुझ्यावर गेलीय, कोरडी आणि कडक. पोटाच्या ऑपरेशनला चार महिने झाले, तेव्हापासून ती प्रथमच काहीतरी बोलून हसली, म्हणून मी ऐकून घेतलं. हिमोग्लोबिन सातावर आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की अंगात रक्त भरलं नाही तर पुढचं आमच्या हातात नाही. तिचा नवरा गेला, मूलबाळ नाही. मला तर कधीच कोणी नव्हतं. दोघींना दोघीच. सहा महिन्यांत हिला उभी करायची, हे माझं इथलं खरं काम. माती काय, आहेच.

५ फेब्रुवारी, बुधवार

यंत्राची ओळख झाली. चाळून वाळवलेली माती वाटीत घ्यायची, वर दिव्याचा प्रखर झोत सोडायचा आणि त्यातला किती उजेड परत फिरतो ते मोजायचं. डोळ्यांना दिसतो तो उजेड, आणि त्यापलीकडचा न दिसणाराही. प्रत्येक मातीचा उजेड परतवण्याचा ढंग वेगळा, त्यामुळे प्रत्येकीची रेघ वेगळी. संगणकात आठ हजार जुन्या मातींच्या रेघांचा संग्रह आहे. नवी रेघ त्यांच्याशी ताडून यंत्र दोन मिनिटांत सांगतं, सेंद्रिय कर्ब इतका, चिकणमाती इतकी, ओल इतकी. मला याच कामाला पूर्वी दोन दिवस आणि दोन बोटांची कातडी लागायची.

दर दहावा नमुना मी जुन्या पद्धतीने, ब्युरेटच्या काचनळीतून थेंब थेंब रसायन सोडून तपासायचा आणि यंत्राचा आकडा बरोबर आहे का ते पाहायचं. थोडक्यात, यंत्रावर सासू म्हणून माझी नेमणूक झाली आहे.

हाताखाली एकच माणूस, तीस वर्षं इथे आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. काम चोख, बोलणं मोजकं. मातीला कधीच उघडा हात लावत नाहीत, कायम रबरी हातमोजे. मी विचारलं तर म्हणाले, बाई, सवय आहे. चांगली सवय आहे, असं मी म्हटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

मामा रजेवर. मी साठवणीची खोली हातात घेतली. तपासून झालेली माती दोन वर्षं ठेवायची आणि मग टाकून द्यायची, असा नियम भिंतीवरच लावला आहे आणि त्याखालीच नऊ वर्षांचा पसारा! सर्वांत वरच्या फळीवर एकसारखे एक्केचाळीस पत्र्याचे डबे, झाकणं मेणाने बंद केलेली, शेताचं नाव नाही, मालकाचं नाव नाही. नुसते एक ते एक्केचाळीस आकडे आणि प्रत्येकावर माझ्या जागी आधी असलेल्या सरांच्या अक्षरात ‘राखून ठेवा’. कोणासाठी, कशासाठी, काही नाही. अशा कामाचा मला मनस्वी राग येतो.

एक डबा उघडला. काळीभोर, मऊ, रव्यासारखी माती. आमच्या अंगणातली जमीन म्हणजे खडी आणि चुना; बेबी दोन दिवस टोमॅटो लावायचे म्हणून तिथे खुरपं आपटतेय. चांगली माती उकिरड्यावर टाकणं माझ्या जिवावर येतं. ढकलगाडीवर चार फेऱ्या केल्या आणि एक्केचाळीसही डबे वाफ्यात रिकामे केले. हातमोजे घालून, अर्थात. डबे धुऊन उन्हात पालथे घातले. फळी पुसली. समाधान वाटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

बेबीने आज बी पेरलं. खुरपं बाजूला टाकून दोन्ही हात मनगटापर्यंत मातीत घातले आणि डोळे मिटून बसून राहिली. म्हणते, ताई, आतून उबदार आहे गं. उन्हं पडली होती, उबदार असणारच. जेवताना तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. चार महिन्यांत पहिल्यांदा.

१० फेब्रुवारी, सोमवार

मामांनी आल्या आल्या पालथे डबे पाहिले.  मग विचारलं, आतलं कुठे आहे. मी सांगितलं.  दुपारी बदलीचा अर्ज टेबलावर ठेवून गेले. मी म्हटलं, डबे धुतले म्हणून कोणी नोकरी सोडतं का? म्हणाले, बाई, तुमच्या बहिणीला तिथे बसू देऊ नका. कारण विचारलं तर म्हणाले, तुम्ही यंत्र लावून बघा, माझ्या तोंडून नको.

कोड्यात बोलणाऱ्या माणसांशी माझं जमत नाही. अर्ज खणात ठेवला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बेबीच्या गालांवर रंग चढला आहे. अंगणाच्या पायऱ्या चढताना थांबत नाही. मला चिडवते, ताई, तू म्हातारी दिसायला लागलीस माझ्यापुढे. बी मात्र एकही उगवलेलं नाही. तिला त्याचं काही नाही. सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचा एक, वाफ्याकाठी नुसती हात घालून बसते. नखांत काळं राहतं, ब्रशने घासून निघत नाही.

मामांचं बोलणं डोक्यात होतं, म्हणून वाफ्यातली चमचाभर माती यंत्राखाली घातली. रेघ जवळजवळ तळाला. दिवा गेला असं समजून नवा दिवा बसवला, अर्धा तास तापू दिला, पांढऱ्या चकतीवर यंत्र शून्यापासून लावून घेतलं. चकती ठीक, दुसरी माती ठीक. ही मात्र पुन्हा तळाला. उजेड आत जातो आणि परत येत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ओली माती काळी दिसते, हे पोरालाही कळतं. म्हणून नमुना ओव्हनमध्ये एकशे पाच अंशांवर चोवीस तास ठेवला. मग आणखी चोवीस. बाहेर काढून मोजला तर रेघेत पाणी दाखवणारे दोन्ही खळगे जसेच्या तसे, उलट अधिक खोल. हाताला माती कोरडी लागत नाही. (हातमोज्यातूनही कळतं.)

वजन केलं. शंभर ग्रॅम ठेवली होती, एकशे चार भरली. झाकण बंद होतं.

तराजू तपासला. तराजूत काही दोष नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

संग्रहात या मातीशी सर्वांत जवळची रेघ कोणती, ते आज यंत्राला विचारलं. अपेक्षेप्रमाणे आधीच्या सरांच्या डब्यांची नावं आली, एक ते एक्केचाळीस, नऊ वर्षांपूर्वीच्या नोंदी. पण त्यांच्या लगेच आधी सरांनीच केलेल्या आणखी तेवीस नोंदी आहेत, रोज एक. मातीच्या संग्रहात त्यांना जागाच नाही. नाव एकच, ‘डावा तळहात’.

सगळ्या रेघा एकावर एक ठेवून पाहिल्या. पहिली माणसाच्या कातडीची आहे. तशी रेघ मी ओळखते, नवा दिवा लावला की मी स्वतःच्या मनगटावर तपासून पाहते. दुसरी जरा खाली. तिसरी आणखी खाली. पंधरावीत चिकणमातीचा खळगा दिसू लागतो. विसावीत कातडीचं काही उरत नाही. तेविसावी आणि डबा क्रमांक एक, या दोन रेघांमध्ये केसाइतकंही अंतर नाही.

माझा यंत्रावर विश्वास नाही, हे मी नोकरीच्या अर्जातच लिहिलं होतं. वाफ्यातली माती घेऊन ब्युरेटने कर्ब काढला. आकडा तोच आला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बेबीला गंमत म्हणून प्रयोगशाळेत आणलं. ती नको म्हणेना, उलट खुर्चीत बसून पाय हलवत होती. म्हणते, भविष्य सांगणार का माझं, परदेशयोग आहे का बघ. डावा तळहात यंत्राखाली धरला.

जवळची नोंद : डावा तळहात, चौदा.

मी बोटांवर मोजलं. नऊ तारखेला तिने वाफ्यात हात घातला. आज चौदावा दिवस.

तिला सांगितलं, यंत्र बिघडलंय. तिला माझं खोटं लगेच कळतं, लहानपणापासून.  माझ्या गालाला हात लावायला आली, मी मागे सरले. चूक की बरोबर ते माहीत नाही, पण सरले.

घरी आल्यावर मागच्या दाराला कुलूप घातलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

तिला घेऊन शहरातल्या डॉक्टरांकडे निघाले. चाळीस मिनिटांचा बसचा रस्ता. दहाव्या मिनिटाला ती गप्प झाली. विसाव्याला तिच्या हातांना भेगा पडू लागल्या, पाण्यावाचून शेताला पडतात तशा, आणि त्यांतून रक्त नाही, भुसभुशीत काळं काहीतरी तिच्या मांडीवर, सीटवर गळू लागलं. ती ते ओंजळीत गोळा करत होती. माझं सांडतंय गं ताई, एवढंच म्हणत होती.

डॉक्टर खूश. हिमोग्लोबिन तेरा. म्हणाले, कोणतं टॉनिक देता, आम्हालाही सांगा. हातांना मलम लिहून दिलं. मी त्यांना काय सांगणार होते?

घरी आल्यावर किल्ली तिने माझ्या पर्समधून काढून घेतली. माझ्या हातून पर्स हिसकावून घेण्याइतकी ताकद तिच्यात आता आहे. धावत गेली आणि कोपरापर्यंत हात घातले. भेगा माझ्या डोळ्यांदेखत भरून आल्या.

यंत्र : सोळा.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मामांना समोर बसवलं. आज ते बोलले. सरांची बायको. तीही आजारी होती, तीही याच घरात राहायची. टपालातून पिशवीभर माती आली होती, कुठली ते कधीच कळलं नाही. तपासून उरलेली सरांनी मागच्या कुंडीत टाकली. बायकोला झाडांची आवड. ती बरी होत गेली तसे सर पेढे मिळाल्यासारखे हसत फिरायचे. मग एक दिवस त्यांनी आठवडाभर रजा टाकली. आठवड्यानंतर डबे घेऊन आले आणि सगळ्यांना सांगितलं, बायको माहेरी गेली.

मामा म्हणाले, माहेरची माणसं तिला शोधत इथे आली होती, बाई. मी त्यांना चहा दिला. वर फळीकडे बघण्याचं धाडस मला झालं नाही.

मी त्या बाईला ढकलगाडीवर घालून नेलं. चार फेऱ्या.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आधीच्या सरांचा फोन लागला. आता ते कुठेतरी सहाव्या मजल्यावर राहतात, म्हणे खाली उतरतच नाहीत. मी नाव आणि पद सांगताच त्यांनी पहिला प्रश्न केला, डबे बंद आहेत ना. मी खरं ते सांगितलं. 

मग म्हणाले, कितवी. मी म्हटलं, आज अठरावी. म्हणाले, तिला दूर नेऊ नका, वाटेतच सांडेल. तिला तुमच्या अंगाला हात लावू देऊ नका. तेवीस झाल्या की सगळी खणून काढा, पत्र्यावर पातळ पसरा, कडक ऊन द्या. ओव्हनचा उपयोग नाही, ऊनच लागतं. आठ दिवस लागतात. पूर्ण वाळेपर्यंत बोलत राहते, तिकडे लक्ष देऊ नका. वाळलं की बोलणं थांबतं. मग चाळा, भरा, मेण लावा. नाहीतर ती जमीन धरते आणि पसरते.

मी विचारलं, ती काय बोलत होती. ते म्हणाले, मला पालथी घाल, ऊन डोळ्यांवर येतंय.

फोन त्यांनी ठेवला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

एकोणीस. वाफा अंगणभर झाला आहे. खडी दिसत नाही. मी घातलेल्या मातीच्या चौपट तरी असेल. कुठून आली?

तिला खुर्चीला बांधून ठेवायचा विचार केला. मनातच. ती म्हणाली, दोरी आणायला निघालीस का गं? मी काही बोलले नव्हते.

मामा आज आले नाहीत. अर्जावर मी सही केली आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

वीस. जेवत नाही. भूक नाही म्हणते, भरलेय म्हणते. चालताना पावलांचा आवाज येत नाही. खोलीभर पावसानंतरच्या शेतासारखा वास.

तिला सगळं सांगितलं. सरांची बायको, डबे, तेवीस. माझी चूक, तेही. तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, ऑपरेशननंतर मी रोज मरत होते, ते तू मोजलंस का? आता दुखत नाही, कुठेच नाही. तू सगळं मोजतेस ताई, दुखणं सोडून.

हे तिने मला सुनावलं. मला! वर्गात पोरी माझ्या नावाने कापायच्या.

१ मार्च, शनिवार

एकवीस.

अंगणातली माती खणून जाळावी म्हणून फावडं घेतलं. पहिल्याच घावाला बेबी घरातून किंचाळली. दंडावर फावड्याएवढी जखम, आत काळं. फावडं टाकलं.

पत्रे आणून ठेवले आहेत. पातळ पसरायला. मी ते आणले, हेच मला —

नाही. पत्रे परत देऊन आले.

२ मार्च, रविवार

बावीस. आता यंत्राची गरज नाही, तरी लावलं. पांढऱ्या चकतीवर आधी शून्य केलं. शिस्त सोडायची नाही.

ती अंगणात बसली आहे, कमरेपर्यंत. बसली म्हणावं की — कपड्यांची कड आणि माती यांत रेघ दिसत नाही. चेहरा तिचाच आहे. हसते आहे. पाणी घाल म्हणते. घातलं. दोन बादल्या. गटागट गेलं.

तिचं बोलणं आता समोरून येत नाही. खालून येतं. माझ्या तळव्यांना कळतं.

३ मार्च, सोमवार. सकाळचे दहा

तेवीस.

खांद्यापर्यंत. डावा हात तेवढा वर आहे. उघडा, माझ्याकडे करून.

सर म्हणाले होते, अंगाला हात लावू देऊ नका. उद्यापासून ऊन कडक आहे. पत्रे पुन्हा आणता येतील, दुकान जवळ आहे. आठ दिवस ऐकायचं आणि मग — मला जमेल. मी कडक आहे, सगळे म्हणतात. जमेल.

अकरा

नाही जमणार.

ती म्हणते, ताई, आई गेली तेव्हा मी तुझा हात धरायला आले होते, तू झटकलास. ऑपरेशनला आत नेताना धरायला गेले, तू फॉर्म भरत होतीस. एकदा तरी धर की गं. एकटीला भीती वाटते आत.

भीती वाटते म्हणाली. इतके दिवस म्हणाली नव्हती.

हातमोजा काढला.

सव्वाअकरा

खरंच उबदार आहे. डावा हात दिला आहे, उजव्याने लिहिते. वही मांडीवर. ती बोटांत बोटं गुंफून बसली आहे, लहान पोरीसारखी. आता हसत नाही, रडतही नाही. हळूच ओढते. मनगट गेलं. दुखत नाही, तिने सांगितलं तसंच. सोडवून घेता येईल का ते पाहिलं नाही. पाहायचं नाही.

कोपर

माझ्या नंतर अंगणात कोणी आलं तर — कुंपणापर्यंत माती गेली आहे, पलीकडे रस्ता — कोणीतरी सरांना फोन — नंबर खणात

खांदा. तोंडाशी वास. आत कोणीतरी तिसरी बाई बोलतेय, ऊन डोळ्यांवर येत नाही ना म्हणून विचारतेय

बेबी म्हणते, ताई, पुरे झालं लिहिणं, आता तो दुसरा हात पण